आला की आले

बसस्थानकावर तिला सगळे सापडलेबाई म्हणत. तिचं काम 'हरवले-सापडले'च्या खिडकीत बसण्याचं. लोक बसमध्ये जे विसरतात ते चिठ्ठी बांधून मांडणीवर ठेवायचं आणि कोणी धापा टाकत आलं, की वस्तू खरंच त्याची आहे का हे चार प्रश्न विचारून ठरवायचं. रिकाम्या वेळी बसचे वाहक खिडकीवर कोपर टेकून विचारायचे, सापडलेबाई, आमची अक्कल जमा झालीय का कुठे? ती न हसता मांडणीकडे वळून बघायची आणि सांगायची की सकाळी एक आली होती, पण फारच लहान मापाची होती, तुम्हाला बसली असती की नाही कोण जाणे.

लोक काय विसरतील याला सुमार नाही. छत्र्या तर पोत्याने यायच्या. एकदा एकाच पायाचा बूट आला, आणि मग हा माणूस घरी कसा गेला असेल, हा प्रश्न तिला पुढे वर्षानुवर्षं छळत राहिला. रिकामा पिंजरा आला, कोरा करकरीत नळ आला. एकदा कवळी आली आणि तिला तीन मालक निघाले. पहिल्या दोघांनी वर्णन चुकीचं सांगितलं. तिसरा गृहस्थ म्हणाला, वर्णन कशाला, तोंडात घालूनच दाखवतो. तिने घालू दिली नाही, कारण बोलताना तिला दिसलं होतं की त्याचे स्वतःचे सगळे दात शाबूत आहेत. मग त्याला दुसऱ्याची कवळी कशाला हवी होती? घरी जाईपर्यंत डोक्यात हाच भुंगा. उत्तर काही मिळालं नाही, म्हणून तिने ते रचलं, कागदावर उतरवलं, आणि ती तिची पहिली रहस्यकथा झाली.

खिडकीवर खोटं बोलणारे पुष्कळ यायचे. दुसरी एखादी बाई खेकसली असती. हिचं उलटं. समोरचा खोटं बोलतोय हे कळलं की हिचा आवाज मऊ व्हायचा, "आपण बसा ना," "आपल्याला पाणी देऊ का," अशी भाषा सुरू व्हायची, आणि तो बिचारा त्या आपण-आपणने इतका ओशाळायचा की वस्तू तशीच सोडून निघून जायचा. खऱ्या मालकाला मात्र ती बिनदिक्कत अरे-तुरे करून झापायची, की पुन्हा विसरलास तर देणार नाही.

तिच्या गोष्टीही तशाच निघाल्या. रक्त नाही, सुरा नाही, अंधारात किंकाळी नाही. एका गोष्टीत तिने पोपट मारला होता, पण तिला स्वतःलाच दोन दिवस जेवण गोड लागेना, म्हणून शेवटी तो खिडकीतून उडून गेला असं करून टाकलं. काजं-बटणं करणारी एक मावशी, तिची गल्ली, आणि गल्लीत काहीतरी लहानसं नाहीसं होतं. मावशी सुईत दोरा ओवता ओवता चोर शोधून काढते आणि मग चोराला चहा पाजते. इतकंच. एका विद्वानांनी कुठेशी लिहिलं की या बिनदातांच्या रहस्यकथा आहेत. कवळीपासून सुरुवात केलेल्या बाईला याचा राग कसा यावा? पुस्तकं खपत होती. दवाखान्यात नंबराची वाट बघणारे आणि लांबच्या प्रवासाला निघालेले लोक ती वाचत होते, आणि बसमध्ये विसरून जात होते. स्वतःचीच पुस्तकं तिला मांडणीवर ठेवावी लागत.

आता तिच्या नवऱ्याकडे वळायला हवं, कारण तिची कुठलीही गोष्ट वळून वळून जायची ती त्याच्याचकडे.

बसस्थानकामागच्या रस्त्यावर त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, चार माणसं आत आली की पाचव्याने बाहेर थांबायचं एवढं. दोघं एकाच गल्लीत वाढलेले, त्यामुळे अरे-तुरे लहानपणापासूनचं. लग्नानंतर सासूबाईंनी सुचवलं की निदान चारचौघांत तरी अहो म्हणावं. तिने एकदा प्रामाणिकपणे म्हणून पाहिलं, "अहो, ताट वाढलंय." तर त्याने मागे वळून बघितलं, कोण पाहुणे आले म्हणून. त्यानंतर ती चारचौघांत कर्त्याशिवाय बोलायला शिकली. ताट वाढलंय. पाणी ठेवलंय. किल्ली खुंटीला आहे. कोणासाठी, ते ज्याचं त्याने समजून घ्यावं. सासूबाईंचं समाधान झालं, आणि दार लागलं की पुन्हा अरे, तुला किती वेळा सांगितलं, सुरू.

सुट्टीच्या दुपारी तो मोडके चष्मे घरी आणायचा. बशीत बारीक स्क्रू, बोटांत चिमुकला स्क्रूड्रायव्हर. ती समोर पलंगावर मांडी घालून नवी गोष्ट वाचून दाखवायची, हाताने लिहिलेली, खाडाखोडीसकट. तो मान वर न करता ऐकायचा. मग अर्ध्याच्याही आधी कुठेतरी त्याचा हात थांबायचा. काच तोंडाशी धरून तो वाफ सोडायचा, सदऱ्याच्या टोकाने पुसायचा (गिऱ्हाइकांना उपदेश मात्र मऊ फडक्याचा), आणि म्हणायचा, कळलं, माळी. आणि चोर माळीच असायचा.

आधी तिला कौतुक वाटलं, मग राग आला, मग ती इरेला पेटली. चोराला उशिरा आणलं, तरी त्याला कळलं. चोराला अगदी देवमाणूस केलं, तरी कळलं. सगळा संशय दुसऱ्यावर ढकलला, तरी कळलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतंय थोडंच. हा चोरून वाचतो अशी शंका घेऊन तिने कागद बसस्थानकावरच्या कपाटात कुलपात ठेवले, तरी फरक पडला नाही. एकदा तर तिने चोर कोण ते ठरवलंच नाही. मलाच ठाऊक नाही तर याला काय कपाळ कळणार, म्हणून निम्मी गोष्ट मोठ्या खुशीत वाचली. स्क्रूड्रायव्हर थांबला. डाकवाला, तो म्हणाला. ती टाळी वाजवून म्हणाली की हरलास, मी अजून ठरवलेलंच नाही. तो नुसता हसला. पुढे लिहीत लिहीत ती शेवटाशी आली आणि बघते तर डाकवाल्याशिवाय दुसऱ्या कोणाला ते शक्यच नव्हतं. त्या दिवशी भाजीत मीठ पडलं नाही. विसरून की मुद्दाम, हे तिने कधी कबूल केलं नाही.

कसं कळतं ते सांग, हा धोशा तिने आयुष्यभर लावला. रुसून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली. तो बधला नाही.

"सांगितलं की तू ते करायचं बंद करशील," तो म्हणाला. "मग मी ऐकू काय?"

"म्हणजे कधीच सांगणार नाहीस?"

"म्हातारपणी सांगेन. तेव्हा बोलायला काहीतरी शिल्लक नको का?"

म्हातारपण आलं ते तिच्या एकटीच्याच वाट्याला. तो दुकानातच गेला. गिऱ्हाइकाला तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ वाचायला सांगून तो स्टुलावर टेकला. गिऱ्हाइकाने ओळ वाचली, बरोबर आहे का म्हणून विचारलं, आणि उत्तर आलं नाही. तिला खिडकीतून बोलावून नेलं तेव्हा दुकानाबाहेर लोक जमले होते आणि सगळे हळू आवाजात बोलत होते. डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नांना तिने व्यवस्थित उत्तरं दिली. सकाळी बरे होते. चहा घेऊन निघाले. काही म्हणाले नाहीत.

नंतर तिला काय हवं होतं ते सरळच सांगितलेलं बरं. तिला तो परत हवा होता. पण तसं होत नसतं, हे समजण्याइतकी शुद्ध तिला होती. म्हणून त्याच्या खालोखाल जे हवं होतं त्याला ती घट्ट धरून बसली: त्याला कळायचं कसं? हे एक समजलं असतं तर त्याचं बोलणं पुरं झालं असतं. अर्ध्या वाक्यात उठून गेलेल्या माणसाची वाट बघावी तशी ती त्या उत्तराची वाट बघत होती. कधी कधी दुपारी तिला इतका राग यायचा की ती त्याच्या रिकाम्या खुर्चीला म्हणायची, सांगून जायला काय झालं होतं.

तिने आपली छापलेली पुस्तकं पहिल्यापासून काढली आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचली. दुसऱ्यांच्या चोऱ्या पकडणाऱ्या मावशीला जन्म देणारी बाई ही, आणि स्वतःच्या पानांत तिला काडीचाही सुगावा लागेना. नणंद अधूनमधून राहायला यायची, तिला एक जुनी गोष्ट वाचून दाखवली. नणंदेला मध्येच डुलकी लागली. जागी झाल्यावर तिने ठाम मत दिलं की मला विचारशील तर त्या मावशीनेच केलंय, सारखी लोकांच्या घरात काय असते ती? सापडलेबाई इतकं हसली की तिला रडू आलं, आणि नणंदेने तिला रडू दिलं. भाऊ तिचाही होता.

पुढे लिहिणं बंदच पडलं. ऐकणारा नाही, आणि ओळखणारा नाही, तर लपवायचं कोणापासून? खिडकीतली नोकरी संपली. प्रकाशक भले गृहस्थ, वर्षातून एकदा फोन करून हवापाण्याच्या गप्पा मारत आणि शेवटी हळूच विचारत, काही चाललंय का? बरीच वर्षं तिने नाही सांगितलं. मग एकदा, तिलाही कळलं नाही का, ती हो म्हणाली. बोलून चुकल्यावर लिहिणं भाग होतं.

नव्या पुस्तकात गल्लीतल्या दारांवरच्या नावांच्या पाट्या एकेक करून नाहीशा होतात. चोर निघतो एका वकिलाचा कारकून, ज्याने जन्मभर दुसऱ्यांची नावं सुंदर अक्षरांत लिहिली आणि ज्याची स्वतःची पाटी कुठल्याच दारावर लागली नाही. मावशी त्याला चहा पाजते, हे सांगायला नकोच. आणि गल्लीच्या कोपऱ्यावर एक छत्री दुरुस्त करणारा बसतो. गोष्टीशी त्याचा संबंध नाही. तो नुसता येतो, स्टूल मांडतो, छत्र्यांच्या काड्या सरळ करतो, आणि मावशी जाता-येता त्याच्याशी दोन शब्द बोलते. तो कोण होता हे लिहिणारीला ठाऊक होतं. त्याला पुस्तकात बसायला जागा करून द्यावी, म्हणून तर ते पुस्तक लिहिलं होतं.

हस्तलिखित गेलं आणि महिन्याभराने एका सकाळी दारात एक बाई उभ्या राहिल्या. प्रकाशकांकडचे जुने मुद्रितशोधक निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी या आल्या होत्या. पूर्वी शाळेत व्याकरण शिकवायच्या. शाळा सुटली तरी लाल पेन्सिल हातून सुटली नव्हती. प्रकाशकांनी त्यांना फोनवर विचारा म्हणून सांगितलं होतं, पण व्याकरण फोनवर होत नाही असं त्यांचं मत पडलं. त्यांनी चहा नको म्हटलं, कागदांचा गठ्ठा मेजावर ठेवला आणि पहिला प्रश्न टाकला.

"तुमच्या पुस्तकात कारकून किती आहेत?"

"एक."

"मग हे बघा. चौथ्या प्रकरणात 'कारकून फाटकाशी उभा होता'. पाचव्यात 'कारकून फाटकाशी उभे होते'. एक तर कारकून दोन झाले, नाहीतर मधल्या काळात त्याला बढती मिळाली."

ती ओशाळली. घाईत झालं असेल, सगळीकडे सारखं करून टाका, असं काहीतरी म्हणाली. बाई हलल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की त्यांनाही आधी तसंच वाटलं होतं. पण आपल्या आधीच्या माणसाने काय धोरण ठेवलं होतं ते बघावं म्हणून त्यांनी प्रकाशकांच्या कपाटातून तिची जुनी हस्तलिखितं काढवली, आणि सगळ्यांत तेच. एका गोष्टीत माळी उभा होता, आणि दोन पानांनी माळी उभे होते. एका गोष्टीत डाकवाला आला, आणि पुढे डाकवाले आले. प्रत्येक पुस्तकात एकाच माणसाचं असं व्हायचं. जुने मुद्रितशोधक कर्तव्यदक्ष, छापायला जाण्याआधी त्यांनी प्रत्येक 'आले'चं 'आला' केलेलं होतं.

"मी आधी म्हटलं, बाईंचं व्याकरण कच्चं आहे," त्या म्हणाल्या. "मग लक्षात आलं. ज्याला तुम्ही मध्येच मान द्यायला लागता, शेवटी चोर तोच निघतो. दर वेळी."

तिला स्वतःचा आवाज ऐकू येत होता, पलंगावर मांडी घालून वाचणारा, आणि 'माळी उभे होते' या शब्दांपाशी थांबलेला तो हात दिसत होता. छापील पानांत ते कधी आलंच नव्हतं. ते फक्त तिच्या हाताने लिहिलेल्यात होतं, तिच्या तोंडून ऐकणाऱ्यालाच मिळत होतं, आणि असा माणूस जगात एकच होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. चोर कोण हे ज्या ओळीला तिच्या मनाला कळायचं त्याच ओळीला, तिच्याही आधी, त्याला कळायचं.

तिला हसू आलं. आणि ते मध्येच थांबलं. इतकी वर्षं त्याचं एक सांगणं बाकी होतं. ते बाकी होतं तोवर तो पुरता गेला नव्हता. आज एका परक्या बाईंनी ते लाल पेन्सिलीने सांगून टाकलं, आणि आता त्याच्याकडून ऐकायचं असं काही म्हणजे काही उरलं नाही.

बाईंना वाटलं, हिला राग आला. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की आपल्या नोकरीत याहून वाईट चुका पाहिल्या आहेत, याचं मनाला लावून घेऊ नये. मग त्या पुन्हा कागदांकडे वळल्या.

"पण या पुस्तकात माझी पंचाईत झालीय. इथे दोघांना आहे. कारकुनाचं समजलं, तो चोर. छत्रीवाल्याने काय केलंय?"

"त्याने काही नाही केलं."

"मग तिसऱ्या प्रकरणापासून तो 'ते' का झालाय? मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्याच्यावर साधा संशयसुद्धा नाही कुठे."

तिने कागद पुढे ओढले आणि मोठ्याने वाचलं. पहिल्या प्रकरणात छत्रीवाला आला. दुसऱ्यात छत्रीवाला म्हणाला. तिसऱ्यात छत्रीवाले आले, स्टुलावर बसले, मावशीकडे बघून हसले. आणि मग शेवटपर्यंत आले, गेले, म्हणाले, हसले.

हे तिने लिहिलं होतं आणि तिला पत्ताही नव्हता. पण हे काय फक्त लिहिण्यातच होतं? त्या दिवशी दुकानाबाहेर ती डॉक्टरांना काय म्हणाली होती? सकाळी बरे होते. चहा घेऊन निघाले. बँकेत, प्रकाशकांना, शेजारणीला, अगदी नणंदेलाही ती इतकी वर्षं तेच सांगत आली होती. ते असं म्हणायचे. त्यांना हे आवडायचं. जिला जन्मात एकदाच्या पलीकडे अहो म्हणणं जमलं नाही, तिने तो गेल्या क्षणापासून त्याला अहो-जाहो लावलं होतं. सगळेच गेलेल्या माणसाला तसं म्हणतात, म्हणून कोणाला खटकलं नाही. तिलाही नाही.

"माणूस माझ्या हातून गेला, आता तो परत जवळ येत नाही असं वाटलं, की माझ्याकडून तसं होतं," ती म्हणाली. "चोराचंही म्हणूनच होत असेल. छत्रीवाला गेलाय."

बाईंनी पानं उलटली. "कुठल्या प्रकरणात? मला तर तो शेवटपर्यंत दिसतो."

"पुस्तकात नाही गेला."

बाईंनी चष्मा काढून मेजावर ठेवला आणि विचारलं की आता काय करायचं, दोन्हीकडे दुरुस्ती करू का. ती म्हणाली, कारकुनाचं तसंच छापा, मी लिहिलंय तसं. एखाद्या वाचणाऱ्याला कळलं तर कळू दे. कोणाला तरी कळायला हवं. बाईंच्या कपाळावर आठी पडली, पण त्यांनी मान हलवली.

"आणि छत्रीवाला?"

तिने हात पुढे केला. ती लाल पेन्सिल बाईंनी आजवर दुसऱ्या कोणाच्या हातात दिली नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. तरी त्यांनी दिली. तिने तिसरं प्रकरण समोर घेतलं, आणि एकेक शब्द खोडून वर नवा लिहीत, प्रत्येक शब्द तोंडाने म्हणत ती पुढे सरकू लागली. बाई खुर्ची जवळ ओढून तिच्या खांद्यावरून तपासत होत्या, सवयीने.

"छत्रीवाला आला," ती लिहीत होती. "स्टुलावर बसला. माझ्याकडे बघून हसला."

मूळ वाक्यात 'मावशीकडे' होतं. बाईंना ती चूक दिसली. त्यांनी ती तशीच राहू दिली.